शटरची किल्ली कुणाकडे? म्हापशातल्या एका गाळ्याच्या 'भागीदारी'विषयी

बाई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून हकिगत आधी माझ्या शब्दांत सांगतो.

म्हापशाच्या बाजारात तुमच्या सासऱ्यांनी १९८६ साली एका शिंप्याला गाळा भाड्याने दिला. करारपत्र केलं नाही, फक्त पावतीपुस्तक. तेव्हा भाडं ३०० रुपये होतं, आज ११०० आहे. शिंपी आता पंचाहत्तरीला आलेत आणि पेडण्याकडे मुलीकडे राहतात. गेली चार वर्षं गाळ्यात एक तरुण मोबाईलची कव्हरं विकतो, फोन दुरुस्त करतो. विचारलं तर शिंपीबाब म्हणतात, ''तो माझा पार्टनर.'' पुरावा म्हणून त्यांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं भागीदारीपत्र दाखवलं. त्यात त्यांना नफ्याचा दहा टक्के वाटा आहे, आणि पुढे एक ओळ अशी, की नफा होवो न होवो, महिन्याला किमान २२,००० रुपये मिळतील. तुमचे तीन प्रश्न आहेत: या कागदामुळे आपली केस मेली का, भाडं घेणं थांबवावं का, आणि गाळ्यात निम्मा हिस्सा असलेले दीर लिस्बनला असताना अर्ज कोण करणार.

केस मेलेली नाही. पण शेजाऱ्याने सांगितलं तशी 'ओपन अँड शट'ही नाही. बत्तीस वर्षं या धंद्यात आहे, भाड्याच्या केसी घरमालकाकडूनही लढलो आणि भाडेकरूकडूनही. तेव्हा जे भाडेकरूचा वकील म्हणून मी केलं असतं, तेही तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात कायद्यापासून, कारण इथेच लोक घसरतात. गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा १९६८ चा. त्याच्या कलम २२ मध्ये भाडेकरूला बाहेर काढण्याची कारणं दिली आहेत. त्यातलं पोटकलम (२)(ब) तुमच्या कामाचं: मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने आपला हक्क दुसऱ्याकडे दिला, किंवा सगळी इमारत वा तिचा भाग पोटभाड्याने दिला, तर निष्कासन मागता येतं. 'लेखी' हा शब्द लक्षात ठेवा. सासरे हयात असताना ''बरं, बघ तू'' असं काही तोंडी बोलले असतील तर त्याची भीती बाळगू नका.

पण हा कायदा तुमच्या गाळ्याला लागू आहे का, ते वकिलाकडून आधी पक्कं करून घ्या. लागू नसेल तर सगळाच खेळ उलटतो. मग मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात मनाई नसेल तर भाडेकरूला पोटभाड्याने देण्याची मुभाच आहे! म्हणजे तुमची तक्रारच उरत नाही. मात्र तिथे तक्रारीची गरजही नाही: महिन्याच्या भाड्याला कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवायचा आणि दिवाणी न्यायालयात जायचं. एकाच गाळ्याचे हे दोन पूर्ण वेगळे रस्ते. चुकीच्या दारात गेलात तर कळेपर्यंत काही वर्षं गेलेली असतात. पुढचं सगळं मी भाडे कायदा लागू आहे असं धरून लिहितोय.

आता तो 'पार्टनर'. जुन्या गोवेकर व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून एक पोर्तुगीज शब्द ऐकू येतो, 'त्रेस्पास'. चालता धंदा, माल, नाव आणि जागेचा भाडेहक्क असं एकगठ्ठा दुसऱ्याला विकणं. पोर्तुगीज कायद्याने ही पद्धत मान्य केली होती, आणि धंद्याबरोबर जागा जाणार हे मालकाला गिळावं लागे. कायदा गेला, सवय राहिली. आमच्याकडे येणारे कितीतरी भाडेकरू आजही मनापासून समजतात की धंदा आपला, तर तो कुणाला चालवायला द्यायचा ते आपण ठरवणार. बारच्या बाबतीत तर हे सर्रास: परवाना म्हाताऱ्याच्या नावाचा, बार 'चालवायला' दिलेला, आणि महिन्याच्या पाच तारखेला ठरलेले पैसे. कुणी त्याला कंडक्टिंग म्हणतं, कुणी भागीदारी, कुणी मॅनेजर नेमला म्हणतं. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. पण १९६८ च्या कायद्यासमोर समजूत चालत नाही.

कागदावर काय नाव लिहिलंय याने न्यायालय बांधलेलं नसतं, हे फार जुनं आहे. १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडियाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात एका केशकर्तनवाल्याला खोल्या दिल्या होत्या, आणि कागदावर शब्द होता लायसन्स. न्यायालयाने बहुमताने म्हटलं, हा भाडेपट्टाच आहे, कारण खोल्यांचा एकट्याचा ताबा त्याच्याकडे होता. तुमच्या प्रकरणात मात्र सर्वांत जवळचा निकाल गोव्यातूनच गेलेला आहे, याच कलम २२ खालचा. ३० ऑक्टोबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दिला, (२०१०) १ एससीसी २१७ वर (एससीसी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची छापील मालिका) छापलेला आहे. तुमच्या वकिलाला तो पाठ असेल, नसेल तर वकील बदला.

त्या निकालाचं सार साध्या भाषेत असं. पोटभाडं सिद्ध व्हायला दोन गोष्टी लागतात: भाडेकरूने जागेचा ताबा तिऱ्हाइताकडे पूर्णपणे सोपवलेला असणं, आणि मालकाच्या संमतीशिवाय त्याबदल्यात काही मोबदला घेतलेला असणं. भागीदार घेतला म्हणजे पोटभाडं झालं असं होत नाही. भाडेकरू धंद्यात खरोखर भाग घेत असेल आणि जागेवर त्याचं नियंत्रण असेल, मग ते भागीदारांबरोबर वाटलेलं का असेना, तर त्याने ताबा सोडला असं म्हणता येत नाही. मात्र भागीदारीपत्र हा नुसता पडदा असेल तर न्यायालय तो फाडून आत बघू शकतं. पुराव्याचं ओझं सुरुवातीला तुमच्यावर. पण तिऱ्हाईत माणूस जागेत एकटाच ताबा धरून बसलाय एवढं तुम्ही प्रथमदर्शनी दाखवलंत की पोटभाड्याचं गृहीतक उभं राहतं, आणि ते खोडून काढायची पाळी भाडेकरूवर येते.

म्हणजे भांडण मोबदल्यावर जिंकलं किंवा हरलं जात नाही. पैसे तर गुपचूपच दिले जातात. १९९८ च्या भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: हा व्यवहार मालकाच्या पाठीमागे होतो, रोखीने होतो, कधी वस्तूच्या रूपात होतो, तेव्हा मालकाकडून मोबदल्याचा थेट पुरावा मागण्यात अर्थ नाही, परिस्थितीवरून तो ताडता येतो. भांडण असतं ताब्यावर. सकाळी शटर कोण उघडतो, रात्री किल्ली कुणाच्या खिशात जाते, गल्ला कोण मोजतो, आणि शिंपीबाबांनी उद्या त्या पोराला ''आज दुकान बंद ठेव'' म्हटलं तर तो ठेवील का. माझ्या मते सगळा खटला या शेवटच्या प्रश्नात आहे.

या नजरेने तुमच्याकडचं भागीदारीपत्र पुन्हा वाचा. दहा टक्के वाट्याने काही बिघडत नाही. झोपता भागीदार, म्हणजे प्रत्यक्ष कामात न उतरणारा, कायद्याला चालतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४ सांगतं की धंदा सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीने एकाने चालवला तरी भागीदारी होते. पण कलम ६ म्हणतं, पक्षांमधलं खरं नातं काय ते बघा. नफा होवो न होवो २२,००० रुपये, हे जगात कुठल्या भागीदाराला मिळतात? नफा-तोट्याशी संबंध नसलेली, दरमहा ठरलेली रक्कम म्हणजे भाडं. ते कलम ज्याने लिहिलं त्याने शिंपीबाबांचा फायदा बघितला आणि तुमची सोय करून ठेवली. त्याच कागदात बँकेचं खातं एकटा तो तरुण चालवील असं असेल तर त्याखालीही रेघ मारा. भागीदारी मोडल्यावर जागा कुणाकडे राहील हेही शोधा. तरुणाकडे राहील असं लिहिलं असेल तर तुमचं काम सोपं होतं. उलट 'भाडेहक्क हा संस्थेच्या मालमत्तेचा भाग नाही, तो पहिल्या पक्षाकडेच राहील' असं वाक्य असेल, तर समोरचा वकील हुशार होता असं समजा. मी भाडेकरूकडून असतो तर हे वाक्य आधी घातलं असतं आणि २२,००० ची ओळ खोडली असती.

दोन्हीकडून बोलायचं कबूल केलंय, म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: ''त्यांचं शिवणयंत्र अजून कोपऱ्यात कापड घालून ठेवलंय.'' बाई, ते मशीन त्यांचा सर्वांत चांगला साक्षीदार होऊ शकतं. ते मशीन चालतं का, त्यावर शेवटचं कधी शिवलं, शिंपीबाब आठवड्यातून एखादा दिवस येऊन काज-बटणं, पॅन्टची लांबी असली कामं करतात का, याची खरी उत्तरं मला हवीत. येत असतील तर हे प्रकरण वेगळं आहे. दुकानात दुसरा माणूस दिसला म्हणजे पोटभाडं झालं असं मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ पासून सांगितलेलं आहे. मुलगा, पुतण्या, जुना कारागीर गल्ल्यावर बसला तरी भाडेकरूचा ताबा सुटत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आठ दिवस दुकानाच्या पायरीवर माटोळीवाल्याला, म्हणजे गणपतीवर बांधायची फळं-पानं विकणाऱ्याला, बसू दिलं, त्याचे दोन पैसे घेतले, तरी तेवढ्याने काही होत नाही. भिंतीवर जाहिरातीचा फलक लावू दिला म्हणून पोटभाडं होत नाही असाही एक निकाल १९८९ चा आहे. ताबा सुटला का, एवढंच विचारायचं.

आता पुरावा. इथे जरा रेंगाळतो, कारण खटले इथे हरतात आणि घरमालक वकिलाला दोष देतात.

पहिली गोष्ट: आज नोटीस पाठवू नका. नोटीस पोचली की दुसऱ्या दिवशी म्हातारा गल्ल्यावर येऊन बसतो, पाटी बदलते, जुन्या तारखेचा एखादा कागद जन्माला येतो. कायद्याने हे सगळं उशिराचं म्हणता येतं. मुंबईच्या भाडे कायद्याखालच्या १९७५ च्या एका निकालात असंही ठरलं की पोटभाडं नंतर थांबवलं म्हणून आधी दिलेलं पुसलं जात नाही. पण सिद्ध कसं करणार, आधी तो बसत नव्हता हे? म्हणून दोन महिने गप्प राहा आणि गोळा करा.

दुकानात जीएसटी नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र आत, आणि क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर लावणं नियमाने बंधनकारक आहे. तो क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. कुणालाही बघता येतं: कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, पत्ता, आणि धंद्याचं स्वरूप, म्हणजे प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचा) की भागीदारी. तिथे तुमच्या गाळ्याच्या पत्त्यावर त्या तरुणाच्या एकट्याच्या नावाने 'प्रोप्रायटरशिप' दिसली, तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरला रद्दीची किंमत येते. भागीदारी संस्थेला स्वतःचा पॅन लागतो, प्रोप्रायटरला आपलाच चालतो. सरकारला एक सांगायचं आणि घरमालकाला दुसरं, असं करणारे बहुतेक इथेच सापडतात. उलाढाल लहान असेल (मालाच्या विक्रीला ४० लाख, सेवेला २० लाख ही सर्वसाधारण मर्यादा) तर नोंदणी नसेलही, मग हा दरवाजा बंद.

नोंदणी असेल तर पुढचा विचार करा. पत्त्याचा पुरावा म्हणून त्याने काहीतरी चढवलंच असणार. एकतर शिंपीबाबांनी दिलेला भाडेकरार, म्हणजे आपलं काम फत्ते. किंवा त्यांचं संमतीपत्र. किंवा, देव न करो, तुमच्या सहीचं 'ना हरकत', जे तुम्ही कधी दिलंच नाही. पण एक अडचण आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १५८ मुळे खात्याकडून ती कागदपत्रं न्यायालयालाही सहसा मागवता येत नाहीत. म्हणून ती त्या तरुणाकडून आणि शिंपीबाबांकडून मागायची: अर्ज करून, 'तुमच्या ताब्यात असलेला कागद हजर करा' म्हणून. त्यांनी नाही आणला तरी चालेल. आपल्याजवळचा पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९ झालं. आकडे बदलले, युक्ती तीच.

दुसरा साक्षीदार गल्ल्यावर चिकटवलेला असतो. क्यूआर कोड. स्वतः जाऊन एक कव्हर विकत घ्या, मोबाईलने पैसे द्या, आणि पडद्यावर कुणाचं नाव येतं त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. संस्थेचं नाव आलं तर त्यांच्या बाजूने एक गुण. पोराचं एकट्याचं नाव आलं तर गल्ला कुणाचा हा वाद बराचसा मिटला. बिल मागा, पावती जपून ठेवा. फोटो, स्क्रीनशॉट पुराव्यात आणायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करील. तुम्ही मूळ फोन मात्र विकू नका आणि फॉरमॅट करू नका.

नगरपालिकेचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, वीजबिलावरचं नाव, या तिन्हींसाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, तिऱ्हाइताला विचारावं लागलं तर चाळीस. तिऱ्हाइताची माहिती म्हणून अधिकारी त्याला विचारील हेही ध्यानात घ्या, म्हणजे आपण काहीतरी करतोय हे त्याला कळेल. म्हणून हा अर्ज सगळ्यांत शेवटी. भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदलेली आहे का तेही बघा. नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा नसली म्हणून भागीदारी खोटी ठरत नाही. पण चार वर्षांचा धंदा, ना नोंदणी, ना पॅन, ना खातेवही, ना आयकराचं विवरण, असं सगळं एकत्र आलं की चित्र पुरतं उमटतं.

आणि तुमची स्वतःची साक्ष. तीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका भाटकाराची (जमीनमालकाची) केस मी हरलो, अजून सलते. त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की मूळ भाडेकरू पाच वर्षांत दुकानात फिरकलेला नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने भोळेपणाने विचारलं, ''बाब, यंदा चवथीचं सामान कुठून घेतलं?'' आमचे भाटकार सरळ माणूस. म्हणाले, ''त्याच्याकडूनच, नेहमीचा तो. नारळ त्यानेच हाताने निवडून दिले.'' माझ्या हातातली फाईल मी तिथेच मिटली. भाडेकरूचा ताबा गेला होता हे मला आजही खरं वाटतं, पण 'फिरकलाच नाही' हे खरं नव्हतं. तुम्ही जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो तेव्हा तुम्ही तिथे जातच असता. पुढचे आठ शुक्रवार एका वहीत लिहा: किती वाजता गेले, शटर कुणी उघडलं हे पाहिलं का, आत कोण होतं, शिंपीबाब होते का. ज्या दिवशी ते दिसले तो दिवसही लिहा. अशी वही न्यायालयात आली की तिच्यावर विश्वास बसतो, कारण तीत आपल्याविरुद्धचंही असतं.

शेजारचे पसरकार (दुकानदार) साक्ष देतील या भरवशावर राहू नका. त्यांना रोज त्याच ओट्यावर बसायचंय, आणि त्यांच्यातल्या एकदोघांचंही असंच 'पार्टनर' प्रकरण असण्याची शक्यता मी नाकारत नाही. काही झालं तरी गाळ्याला आपलं कुलूप लावू नका, वीज तोडायला सांगू नका, दीरांचे मित्र नेऊन दम देऊ नका. एका दिवसाच्या रागापायी घरमालक आरोपी होतो आणि भाडेकरूला मनाई हुकूम मिळतो.

शिवणकामाच्या जागी मोबाईल विकणं हे वेगळं कारण म्हणूनही मांडता येईल. कलम २२ मध्ये, ज्या कामासाठी जागा दिली त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली हेही कारण आहे. पण करारपत्र नसल्याने 'फक्त शिवणकामासाठी' हे सिद्ध करणं कठीण. जुन्या पावत्यांच्या स्थळप्रतींवर सासऱ्यांनी 'शिवणाचं दुकान' असं काही लिहिलंय का, बघा. असेल तर जोडा, नसेल तर एका परिच्छेदापुरतं ठेवा.

दुसरा प्रश्न, भाडं. घेत राहा. भाडं घेतल्याने संमती दिल्यासारखं होतं ही भीती बाजारात फार आहे, पण कायद्याला लेखी संमती लागते. शालिमार टार प्रॉडक्ट्सच्या प्रकरणात (१९८८ च्या एससीसीत छापलेलं) सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कायद्याखाली सांगितलं की माहीत असूनही भाडं स्वीकारलं एवढ्याने मालकाने हक्क सोडला असं होत नाही. तुम्ही नाकारलंत तर ते भाडे नियंत्रकाकडे, म्हणजे या कायद्याखाली निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरतील आणि स्वतः शिस्तीचे दिसतील. फक्त दोन पथ्यं पाळा. पैसे शिंपीबाबांकडूनच घ्या, पावती त्यांच्याच नावाची, वर 'सर्व हक्क अबाधित ठेवून' असं लिहा. त्या तरुणाच्या खात्यातून एक रुपया घेऊ नका. आधी कधी त्याच्या खात्यातून आलं असेल तर ते लपवूही नका, वकिलाला सांगा. ते दुधारी आहे: भाडं प्रत्यक्षात कोण भरतं हे त्यातून दिसतं, आणि तुम्हाला माहीत होतं हेही दिसतं. खटला सुरू झाल्यावर कलम ३२ प्रमाणे भाडेकरूला भाडं भरत राहावंच लागतं. पुरेशा कारणाशिवाय चुकवलं तर नियंत्रक पुढचं कामकाज थांबवून ताबा देण्याचा हुकूम करू शकतो. ११०० रुपयांचा हप्ता चुकल्याने गाळा गेलेला मी पाहिलाय. तेव्हा खटल्यात दर महिन्याची तारीख मोजायला शिका.

दीरांचं. सहमालकांपैकी एकजण निष्कासनाचा अर्ज करू शकतो, बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झालं. पण आपल्या गोव्यात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: सासऱ्यांच्या पश्चात कागद झाले का? सक्सेशन डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीचं न्यायालयीन कामकाज) झाली नसेल तर समोरचा पहिल्याच दिवशी तुमच्या मालकीवर बोट ठेवील. आणि दीरांचं लग्न समान मालकीच्या पद्धतीने, म्हणजे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरून, झालं असेल तर तुमच्या जावेचाही त्यात भाग आहे, त्यांना विसरू नका. दीर-जावेने तिथे मुखत्यारपत्र करावं, अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) करून पाठवावं, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. मुखत्यार अर्जावर सही करू शकतो. पण मुखत्याराने मुख्य माणसाच्या वैयक्तिक माहितीतल्या गोष्टींची साक्ष त्याच्या वतीने द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या इंडसइंड बँकेच्या निकालापासून पक्कं आहे. सुदैवाने दुकान रोज पाहणाऱ्या तुम्ही आहात, लिस्बनमध्ये बसलेले दीर नव्हेत. तेव्हा साक्ष तुमची.

तरुणाला प्रतिवादी करायचं का, यावर वकिलांत दोन मतं आहेत. पोटभाडेकरू आवश्यक पक्षकार नसतो. मी मात्र करतो. त्याला शपथेवर उभं केलं की भागीदारीच्या हिशेबाचे साधे प्रश्न विचारता येतात: गेल्या वर्षी नफा किती, भांडवल कुणी किती घातलं, तोटा झाला तेव्हा शिंपीबाबांनी किती सोसला? खऱ्या भागीदाराला याची उत्तरं झोपेतून उठवलं तरी येतात.

आता मनातलं एक. हा अर्ज, मग अपील, मग पर्वरीला उच्च न्यायालय, यात वर्षं जातील आणि शिंपीबाब पंचाहत्तरीचे आहेत. ते गेले तर वारस उभे राहतील आणि मुद्दे आणखी फाटे घेतील. दुसरीकडे त्यांना २२,००० मिळतायत आणि तुम्हाला ११००. म्हणजे त्या गाळ्याचं आजचं भाडं त्या तरुणाला परवडतंय, फक्त ते चुकीच्या दारी जातंय. पुरावा हातात आल्यावर, अर्ज दाखल करून, एकदा तिघांना एका टेबलाशी बसवा. शिंपीबाबांनी काही रक्कम घेऊन लेखी ताबा सोडावा, नियंत्रकासमोर तडजोडीचा हुकूम व्हावा, आणि मग त्या तरुणाला तुम्ही नव्या, नोंदणीकृत करारावर बाजारभावाने जागा द्यावी, असं दोनदा घडवून आणलंय. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. जुना ताबा कागदोपत्री सुटण्याआधी त्या पोराकडून पैसे घेतलेत, तर उद्या तोच तुमच्यासमोर भाडेकरू म्हणून उभा राहील.

येताना पावतीपुस्तकाच्या सगळ्या स्थळप्रती आणा, फाटक्या असल्या तरी. भागीदारीपत्राचा मोबाईलवर काढलेला फोटो छापून आणा, त्यावर स्टॅम्पपेपर विकल्याची तारीख दिसायला हवी. तो तरुण गाळ्यात बसायला लागल्यानंतर दोन वर्षांनी विकलेल्या कागदावर चार वर्षांपूर्वीची भागीदारी लिहिलेली मी याआधी पाहिली आहे.